तिथी त्यांची, तारीख तिची

दात घासायच्या आधी मी दिनविशेष पाठवतो. हा क्रम गेली कित्येक वर्षं बदललेला नाही, आणि बायकोच्या मते आमच्या संसारातल्या निम्म्या भानगडींचं मूळ याच क्रमात आहे. आधी तोंड धुतलं असतं तर डोकं जागेवर आलं असतं आणि निम्मं तरी पाठवायचं राहिलं असतं, असं तिचं म्हणणं.

मी पोटापाण्यासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. हे बटण दाबा, ते दाबू नका, ओल्या हातानं अजिबात दाबू नका. माझं लेखन जगभर जातं आणि खोक्यातून बाहेर पडल्या पडल्या केराच्या टोपलीत जातं. अशा माणसाला वाचकाची भूक किती असते ते दुसऱ्याला कळायचं नाही. म्हणून रोज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर आणि इथल्या, म्हणजे बेंगळुरातल्या, मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी दिनविशेष टाकतो. आजच्या तारखेला जगात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. खाली माझी एखादी टिप्पणी. त्यावर दोन-चार अंगठे आले की मी नाश्त्याला मोकळा.

यात मला खरा रस आहे तो एकाच तारखेवर दोन गोष्टी येऊन बसतात त्यात. एकोणतीस मे घ्या. माणूस एव्हरेस्टच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचला तो दिवस. त्याच तारखेला, बरोब्बर पाचशे वर्षं आधी, कॉन्स्टँटिनोपल पडलं होतं. एकीकडं माणसं चढतायत, दुसरीकडं तटावरून पडतायत, आणि कॅलेंडरवर चौकोन एकच. किंवा अमेरिकेचे ते दोन माजी राष्ट्राध्यक्ष. आयुष्यभर एकमेकांशी भांडले, मग पत्रं लिहून गोड झाले आणि एकाच दिवशी काही तासांच्या फरकानं गेले. तोही त्यांच्या स्वातंत्र्याचा पन्नासावा वाढदिवस. असलं काही सापडलं की मी घरभर फेऱ्या मारतो. न सापडलं तर जास्त मारतो. तारीख रिकामी कशी असेल, या विचारानं मला चैन पडत नाही.

चुका होतात. मंडळातल्या एका ज्येष्ठांच्या वडिलांच्या पुण्यतिथीला मी 'अनेक उत्तम शुभेच्छा' दिल्या होत्या. माणूस चंद्रावर उतरला ते मी वीस जुलैला टाकलं, तेव्हा आपल्याकडं एकवीस उजाडली होती यावरून ग्रुपवर दोन दिवस जुंपली आणि एक कुटुंब ग्रुप सोडून गेलं. ते अजून परत आलेलं नाही.

पण एक तारीख अशी आहे की जिच्याबाबत मी इतकी वर्षं जिवापाड जपून होतो. ती सांगत नाही, नाहीतर तुम्हीही शोधत बसाल. डिसेंबरातली आहे, एवढं पुरे. त्या दिवशी माझी मुलगी जन्मली, आणि त्याच दिवशी सकाळी माझे सासरे गेले.

सासरे जयनगरच्या एका दवाखान्यात होते, बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला बाळंतिणींच्या. मी मधल्या रस्त्यावर, बहुतेक वेळ रिक्षात. सकाळी ते गेले. संध्याकाळी ही आली. बायकोला वडील गेल्याचं बाळ कुशीत दिल्यावर सांगितलं. सासऱ्यांना मुलगा नाही, त्यामुळं अग्नी मी दिला आणि संध्याकाळी मुलीचं तोंडही मीच आधी पाहिलं. त्या दिवशी माझ्या हातून एक पराक्रमही घडला, पण त्याचा नंबर अजून यायचाय.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या घरी, म्हणजे अम्मांच्या घरी, लांबच्या नात्यातल्या एक बाई भेटायला आल्या. बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पोरीचा पायगुण बघितला का? आली ती आजोबांना बाहेर काढूनच."

अम्मांनी बाईंना दारापर्यंत पोचवलं. बाई गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं.

"जावईबापू, त्यांचं सगळं तिथीनं करायचं. तारीख कुणी काढायची नाही. पोरीसमोर तर नाहीच."

"बरं."

"तुमचं ते काय असतं सकाळी, त्यात त्यांना घालायचं नाही."

"नाही घालणार."

अम्मांचं घराणं बेंगळुरात तीनशेच्या वर वर्षं आहे. ही माणसं घरात मराठी बोलतात, पण अर्धी वळणं कन्नडची, आणि पंचांग त्यांच्या बोटांवर असतं. अम्मांनी योजलेली गोष्ट किती बेमालूम होती ते मला फार उशिरा कळलं. वाढदिवस तारखेनं येतो, श्राद्ध तिथीनं. तारीख जागची हलत नाही. तिथी मात्र दरवर्षी मागं सरकते, अधिक महिना आला की उडी मारून पुढं जाते. म्हणजे एका वर्षी श्राद्ध वाढदिवसाच्या आधी, दुसऱ्या वर्षी नंतर, कधी नोव्हेंबरात, कधी थेट नाताळात. मूल आयुष्यभर दोन्ही बघत राहील आणि त्याच्या मनातही येणार नाही की हे दोन्ही मुळात एकाच दिवसाचे तुकडे आहेत. आजोबांच्या फोटोखाली अम्मांनी नाव आणि तिथी घातली, शके घालून. मला वाटलं, काय धार्मिक बाई आहे.

मुलीनं लहानपणी विचारलं होतं, आजोबा कधी गेले? मी म्हणालो, तू व्हायच्या आधी. यात खोटं काहीच नव्हतं. आधीच गेले होते.

अशी अठरा वर्षं गेली. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला अम्मा जयनगरहून के. आर. पुरमला आमच्याकडे येत, डब्यात खीर घेऊन. दरवर्षी श्राद्धाला मी त्यांच्या घरी सोवळं नेसून बसे. तारीख त्या कळवत. "ह्या खेपेस सोमवारी आहे, सरी ना?" मी सरी, म्हणजे बरं, म्हणायचो. पंचांग मी स्वतः कधी उघडलं नाही. जगाच्या साडेतीन हजार वर्षांच्या तारखा तोंडावर असणाऱ्या माणसाला आज कुठली तिथी आहे हे कधीच सांगता येत नसे, आणि याची मला लाजही नव्हती.

मागच्या डिसेंबरात मुलीचा एकोणिसावा वाढदिवस होता. जानेवारीत ती सहा महिन्यांसाठी दिल्लीला शिकायला जाणार होती. एका संध्याकाळी येलहंक्याच्या कॉलेजातून ती आली, बूट न काढताच सोफ्यावर पडली आणि म्हणाली, "या वर्षी वाढदिवस अज्जीकडे. आम्ही सातजण. दुपारचं जेवण. दिल्लीला जायच्या आधी मला अज्जीच्या हातचं खायचंय आणि सगळ्यांना तिचं घर दाखवायचंय."

मी म्हणालो, "वा."

त्याच दिवशी सकाळी अम्मांचा फोन येऊन गेला होता. ह्या खेपेस शनिवारी. मी सरी म्हटलं होतं. वाढदिवसही शनिवारीच होता, आणि या दोन शनिवारांची माझ्या डोक्यात गाठ पडायला रात्रीचं जेवण उजाडावं लागलं. भात कालवता कालवता हात थांबला.

मुलगी खोलीत गेल्यावर मी बायकोला सांगितलं. तिनं कॅलेंडर बघितलं आणि खुर्चीवर बसली.

"तिला कळायला नको," ती म्हणाली. "आता तर नकोच. जायच्या तोंडावर. एवढ्या तेवढ्यावरून मनाला लावून घेते ती. परगावी एकटी बसून हेच घोकत राहील."

भीती खरी होती. आमची मुलगी लहानपणी हातातून पडून कपबशी फुटली तरी दोन दिवस कपबशीची माफी मागत हिंडायची. तिच्या येण्याच्या दिवशी घरातलं माणूस गेलं हे तिला कळलं, आणि त्यात कुणीतरी तो पायगुणाचा शब्द तिच्या कानावर घातला, तर ते ती कुठं ठेवेल, याची आम्हाला दोघांनाही धास्ती होती.

"माझ्यावर सोपव," मी म्हणालो.

हे वाक्य मी उच्चारलं की बायको एक लांब श्वास घेते. तो तिनं घेतला.

त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एका पंपाच्या पुस्तिकेत 'चालू करा'च्या जागी 'बंद करा' लिहिलं. संध्याकाळी मुलीला म्हटलं, "अगं, अज्जीचा गुडघा फार दुखतोय. सात जणांचं जेवण तिला झेपणार नाही."

"कुठला गुडघा?"

"डावा."

ती हं म्हणाली. मला वाटलं, जमलं. पण मन काही बसेना. डावाच का म्हणालो? अम्मांना कळवायला हवं होतं का? कळवलं तर त्या उजवा म्हणतील का? गुडघा बरा झाला तर पुढं काय? मी एक राखीव थाप तयार केली, घराचं रंगकाम काढलंय अशी. मग ती पडताळून बघताना लक्षात आलं की डिसेंबरात मुलगी दर आठवड्याला तिथं जाते आणि रंग डोळ्यांना दिसतो. ती सोडून दिली. मग, ऐन आंघोळीत, मला ती कल्पना सुचली जिच्याबद्दल मला अजून घरात टोमणे मिळतात.

रविवारी सकाळी बायको डोसे घालत होती. मुलगी समोर बसून खात होती. मी घसा साफ केला.

"मी काय म्हणतो, या वर्षी तुझा वाढदिवस आपण तिथीनं करूया."

तिनं खाणं थांबवलं. "तू? बाबा, आज कुठली तिथी आहे?"

"शुद्ध... आहे काहीतरी. ते महत्त्वाचं नाही. तारीख काय, इंग्रजांची. आपला खरा वाढदिवस तिथीनं. तुझ्या अज्जीच्या घरी पूर्वापार तिथीनंच करतात. म्हणजे हा शनिवार सोडून, मागंपुढं कुठंतरी, निवांत."

तव्याजवळून बायको माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

"बरं," मुलगी म्हणाली. "कधी येते माझी तिथी?"

मी तयारीत होतो. फोनवर पंचांग उतरवून ठेवलं होतं. तिच्या समोर बसून मी तिची जन्मतारीख घातली. तिथी आली. मग 'या वर्षी' असं बटण होतं ते दाबलं.

शनिवार आला.

मी परत दाबलं. पुस्तिकांमध्ये मी नेहमी लिहितो, बटण वारंवार दाबू नये. मी चार वेळा दाबलं. चारही वेळा तोच शनिवार. मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

नंतर मी वाचलं. दर एकोणिसाव्या वर्षी तिथी आणि तारीख पुन्हा एकमेकींना गाठतात, फार तर एखादा दिवस इकडंतिकडं. पंचांग बघणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. ग्रीकांनाही ठाऊक होतं. जगभरच्या तारखा उपसणाऱ्या मला तेवढं ठाऊक नव्हतं.

तिनं फोन उलटा केला. "बाबा, ही तर तीच तारीख."

"हो का? गंमतच आहे."

"थांब." ती फोनकडं बघत राहिली. "अज्जी म्हणाली शनिवारी आजोबांचं श्राद्ध आहे."

"अज्जी कधी म्हणाली?"

"परवा. तू गुडघ्याचं सांगितलंस म्हणून मी फोन केला. अज्जी म्हणाली, कुठला गुडघा, माझे दोन्ही बरे आहेत. पण शनिवारी आजोबांचं श्राद्ध आहे गं, रविवारी ये सगळ्यांना घेऊन. मी सगळ्यांना रविवार सांगून टाकलाय. तुला सांगायचं राहिलं."

म्हणजे सगळं मिटलं होतं. अम्मांनी एका वाक्यात, खरं तेवढंच सांगून, मिटवलं होतं. त्या दिवशी श्राद्ध आहे. एवढंच म्हणायचं होतं. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, श्राद्ध दरवर्षी कुठल्या तरी दिवशी असतंच. पण ज्याच्या पोटात गुपित असतं त्याला सगळीकडं तेच उघडं पडलेलं दिसतं.

"श्राद्ध त्यांच्या तिथीला असतं ना?" ती हळूहळू म्हणाली. "आणि माझीही तिथी तीच."

"योगायोग असतात. आता एकोणतीस मे..."

"आजोबा कधी गेले, बाबा?"

"तू व्हायच्या आधी."

"किती आधी?"

कुठल्याही लढाईचं साल विचारा, मी सांगतो. आत्ता मी चटणीचं भांडं उगाच तिच्याकडं सरकवलं. बायकोनं गॅस बंद केला. तव्यावरचा डोसा केव्हाच काळा पडला होता.

"सकाळी," ती म्हणाली.

मुलगी उठली. ताटली उचलून बेसिनमध्ये ठेवली, खोलीत जाऊन बॅग घेऊन आली. "अज्जीकडे जाते," म्हणाली. मी उठलो तशी म्हणाली, "एकटी."

दार लागलं. बायको माझ्यासमोर बसली. मी वाट बघत होतो, पण ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "श्राद्ध आहे म्हणाला असतास तर संपलं असतं."

"हो."

"तिथीनं करूया म्हणे."

"हो."

"आता बसून राहा."

हे मला कसं जमावं? मी दहा मिनिटं बसलो. अम्मांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. परत लावला. मग मी चपला घातल्या. बायकोनं अडवलं नाही, मला बघून तिलाही भीती वाटली असावी. के. आर. पुरमहून मेट्रो धरली. रविवार असूनही उभं राहायला मिळालं ते दाराशी. प्रत्येक स्टेशनावर दार उघडलं की मला वाटे, धावत सुटावं, गाडीच्या आधी पोचू. काय काय मनात येत होतं. ती पोचली असेल. अम्मांना विचारत असेल. अम्मा काय सांगतील? नाही म्हणतील की हो म्हणतील? की दारातच रडायला लागतील दोघी? मॅजेस्टिकला गाडी बदलताना मी चुकीच्या जिन्यानं वर गेलो, एका अण्णांनी हात धरून वळवला. "स्वल्प निधान, सर," म्हणाले. जरा हळू. हिरव्या मार्गावरच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर बसवेना. सवयीनं फोन काढून आजच्या तारखेला काय घडलं ते बघितलं आणि कुठल्याशा देशातली कुठलीशी राजवट उलटलेली वाचून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

अम्मांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात दोघी जमिनीवर बसलेल्या. मध्ये परात, परातीत भिजवलेले अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दाणे. डिसेंबर लागला की बेंगळुरातल्या निम्म्या घरांत हे चालतं. दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, सालीतून तो सुळकन बाहेर येतो. कंटाळवाणं काम, बोलायला बरं.

"या," अम्मा म्हणाल्या. "हात धुवा आणि बसा. दाणे काढा."

मी हात धुतले आणि बसलो. मुलीचे डोळे लाल होते. तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं, "बाबा, तू खरंच पेढे घेऊन गेला होतास?"

तर आता तो पराक्रम.

त्या संध्याकाळी मुलगी झाल्यावर नर्सबाईंनी मला घेरलं. सकाळी काय झालं ते त्यांना काय माहीत? स्वीट कुठंय सर, स्वीट. मी खाली जाऊन पेढ्यांचा मोठा खोका आणला, वाटला. मग रिक्षा करून अम्मांकडं निघालो, नात झाल्याचं सांगायला. डोकं इतकं सुन्न होतं की खोका मांडीवर तसाच. तो हातात घेऊनच मी अम्मांच्या हॉलमध्ये शिरलो. सतरंजीवर माणसं बसलेली. कोपऱ्यात समई. सगळ्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग खोक्याकडं. वर सोनेरी फीत होती. मी तो पाठीमागं धरला. तिथंही माणसं होती. मग शर्टाखाली घालायचा प्रयत्न केला, आणि एक पेढा घरंगळून सतरंजीवर आला.

"हो," मी म्हणालो. "नेले होते."

"आणि अज्जीनं खाल्ला?"

मी अम्मांकडं बघितलं. त्यांनी हे तिला सांगितलं होतं तर. आमच्यात या गोष्टीचा उच्चार एवढ्या वर्षांत कधीच झाला नव्हता.

"खाल्ला की," अम्मा म्हणाल्या. दाणा परातीत पडला. "तुझे बाबा समोर उभे, चोरी केल्यासारखे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, मुलगी. मी म्हटलं, मग पेढा द्या की इकडं. एकजण म्हणाल्या, अगं सुतक. मी म्हटलं, ते असते तर दोन खाल्ले असते, शुगर असून. डबा लपवायला लागला असता मला." त्यांनी पुढचा दाणा घेतला. "त्या दिवशी सकाळपासून माझ्या तोंडात पाणी नव्हतं. पहिलं काय गेलं असेल तर तुझा पेढा."

मुलगी दाणा दाबत होती. तो सुटला आणि माझ्या चष्म्यावर आदळला. कुणी हसलं नाही.

"मग लपवलंत का?"

"तुझ्यापासून नव्हे. लोकांपासून. लोकांना तारीख लक्षात राहते, तिथी कोण बघतं? तुझ्या बापालाच येत नाही." हे अर्थात माझ्या तोंडावर. "आणि एकदा तुला पहिल्यापासून सांगितलं नाही, की मग कधी सांगायचं? पाचव्या वर्षी? दहाव्या? राहूनच गेलं."

"माझ्या वाढदिवसाला तू दर वर्षी यायचीस."

"यायची की. खीर घेऊन."

"आणि यायच्या आधी?"

अम्मांनी परातीतल्या साली एका बाजूला केल्या.

"सकाळी स्वल्प रडून घ्यायची," त्या म्हणाल्या. "मग खीर करायची. दोन्ही एकदम होत नाही नव्हे? खीर लागते खाली."

मुलीनं हात थांबवले. मला वाटलं, आता फुटेल. मी उठावं की बसावं ते कळेना, म्हणून भराभर दाणे सोलत राहिलो आणि निम्मे सालीसकट परातीत टाकले. शेवटी ती म्हणाली, "अज्जी, मी आले म्हणून ते गेले असं तुला कधीच वाटलं नाही?"

"वाटलं असतं तर पेढा गिळला असता का गं?" अम्मा म्हणाल्या. "तुझा बाप बावळट आहे, मी नाही."

तेव्हा ती हसली. रडतही होती, पण हसली. आणि नाक पुसून लगेच म्हणाली, "मग रविवार कशाला? शनिवारीच करू. सकाळी त्यांचं, नंतर माझं. याच घरात."

अम्मांनी हातातला दाणा खाली ठेवला. ही त्यांना न सुचलेली गोष्ट होती. "तसं चालतं की नाही, विचारायला हवं," त्या म्हणाल्या, आणि विचारायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. गुरुजींना मी तिथूनच फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पिंड उचलले, ब्राह्मण जेवले, की घर मोकळं," ते म्हणाले. "चार वाजल्यानंतर मुलांना बोलवा. केक आणणार का? मला एक तुकडा ठेवा. बिनअंड्याचा हं."

शनिवारी पहाटे मी दिनविशेष पाठवला नाही. ठरवून असं काही नव्हतं. बसलो होतो फोन घेऊन, आणि त्या तारखेखाली पहिल्यांदाच दोन्ही नोंदी डोळ्यांसमोर आल्या, एकाखाली एक. बोट पुढं सरकेना. फोन बंद केला आणि आंघोळीला गेलो. दातही आधी घासले.

अम्मांकडं श्राद्ध झालं. मी सोवळ्यात, उजव्या हाताच्या बोटात दर्भाचं पवित्रक, गुरुजी सांगतील तसं पाणी सोडत होतो. दरवर्षी मी घाईघाईनं उरकायचो, एक डोळा घड्याळावर. मुलगी या वेळी पहिल्यांदाच समोर मांडी घालून बसली होती, आणि ती इतकं टक लावून बघत होती की मला पाणी सांडायचीही चोरी. सासऱ्यांचं नाव घेताना माझा आवाज जरा चिरकला. गुरुजींनी ते सर्दीवर घेतलं.

जेवणं झाली. वडे, खीर, आमसुलाची चटणी. बायको आणि मुलगी हॉलमध्ये फुगे फुगवत होत्या. फोटोतले सासरे एका फुग्याआड गेले, तो तिनं बाजूला बांधला. मुलं यायला थोडाच वेळ होता. मी केक आणला होता, बिनअंड्याचा. मेणबत्त्या, कागदी ताटल्या, गार पेयं, सुरीसुद्धा आणली होती. माझं मलाच कौतुक वाटत होतं, तोच अम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"जावईबापू, पेढे आणलात का?"

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. मुलगीही फुगा तोंडात धरून माझ्याकडं बघायला लागली. बायकोनं तो लांब श्वास घेतला.

मग मी तसाच निघालो. धोतर, उघड्या अंगावर उपरणं, बोटात काढायचं राहिलेलं पवित्रक, पायात चुकून बायकोच्या चपला. जयनगरचा शनिवारचा बाजार, गर्दी मी म्हणत होती. उपरणं सावरत मी जवळजवळ धावतच होतो. वाटेत फोन चालू केला तर तो थरथरायला लागला. आज दिनविशेष नाही? तब्येत बरी ना? चंद्राच्या भांडणात माझ्या बाजूनं लढलेल्या एका गृहस्थांनी तर घरी येऊ का म्हणून विचारलं होतं. मी काहीतरी लिहायला घेतलं, दोनदा खोडलं, आणि फोन उपरण्याच्या टोकात बांधून टाकला.

मिठाईवाल्यानं खोका भरला. मग माझ्या बोटातल्या दर्भाकडं बघून हात थांबवला. त्याच्यासमोर रंगीत फितींची रिळं होती आणि एक साधा पांढरा दोरा.

"बर्थडेगा, पूजेगा?" त्यानं विचारलं. वाढदिवसाला की पूजेला?

मागं रांग होती. कुणीतरी घाई करत होतं.

"एरडू," मी म्हणालो. दोन्ही.

त्यानं एकदा मला खालपासून वरपर्यंत बघितलं. बायकोच्या चपलांशी जरा थांबला.

"सरी," म्हणाला, आणि सोनेरी फीत बांधायला घेतली.